निळ्या नाडीची पिशवी

त्याला धड चहासुद्धा करता येत नसे, आणि तरी कारखान्यात सगळे त्याला आचारी म्हणत. नाव बॉयलरवाल्यानं ठेवलेलं. बॉयलरवाला खाली आगीपाशी, हा वर काचेच्या खोलीत. दोघांची तोंडभेट व्हायची ती दुपारी डबा खाताना, बाकीचा सगळा संसार फोनवर. "आचारी, विस्तव मंद झालाय, जरा कोरडं वाढा," असं खालून आलं की हा वरून म्हणायचा, "वाढतो. तुमची भूक काही भागत नाही बुवा."

शहराचा जो कचरा कुणाच्याच कामाचा नाही, ज्यातून पुन्हा काही घडवता येत नाही, तो इथं जाळायचा. त्या आगीवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर वीज. काच, पत्रा, कागद, बाटल्या आधीच वेगळ्या निघालेल्या असत. इथं यायचं ते उरलंसुरलं: गाद्यांतला फाटका फोम, तेल पिऊन पारदर्शक झालेले कागद, लहानांचे आणि आजाऱ्यांचे डायपर, टाच झिजलेल्या चपला, केस कापायच्या दुकानातला केर, बूट शिवायच्या कारखान्यातली कातरण, आणि दुकानांतली ती चकचकीत वेष्टनं, ज्यांत कागद कुठं संपतो नि प्लास्टिक कुठं सुरू होतं ते बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. गाड्या हे सगळं ओळीनं असलेल्या दारांतून एका खोल खड्ड्यात ओतून निघून जात. खड्डा एवढा, की चार मजल्यांचं घर त्यात बसलं असतं. खड्ड्याच्या वर, काचेमागं, आचारी एका खुर्चीवर बसायचा. दोन हातांत दोन दांडे. दांडा हलवला की छतावरून क्रेन सरकायची आणि सहा नखांचा लोखंडी पंजा खाली उतरायचा.

बघणाऱ्याला वाटतं, उचलायचं आणि भट्टीच्या तोंडात टाकायचं, त्यात काय एवढं. बघणाऱ्याचं काय जातं? ओलं एकदम पडलं तर आग गुदमरते. नुसतं कोरडं पडलं तर अशी भडकते की खालचा बॉयलरवाला फोनवर शिव्या घालतो. म्हणून सगळं आधी कालवावं लागतं. उचल, झटक, पसर, पुन्हा खालचं वर कर. ह्या कामात आचाऱ्याची तीस वर्षं गेली होती, आणि त्याचा हात असा बसला होता की वरून रंग बघूनच तो सांगायचा, हा ढीग जड आहे, हा फसवा आहे, ह्याच्या पोटात पाणी आहे. गाडी आली की तिचा माल लगेच बाकीच्यात मिसळायचा, ही त्याची शिस्त. कुणाचाच ढीग वेगळा ठेवायचा नाही. खड्ड्यात आलं की सगळे सारखे, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना थोडा खूशही व्हायचा.

कारखाना बघायला लोक येत, शाळा येत. साहेब त्यांना आचाऱ्याच्या खोलीत पाठवत, कारण तिथून सगळं दिसायचं आणि आचारी बोलायचा चांगलं. त्याचं बोलणं ठरलेलं होतं. "बॅटरी पिशवीत टाकू नका. मोबाइलची, खेळण्यातली, कसलीही. माझ्या पंज्याची नखं तिच्यात घुसली की ती पेटते. तुम्ही म्हणाल, एकानं काय होतंय. शहरातला प्रत्येक माणूस हेच म्हणतो." मुलं मान डोलवायची. आचारी समाधानानं पुन्हा दांडे धरायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ह्याच्या पुढं जे म्हणतात ते आपल्यावर येईल, हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं.

बॅटरीच्या बाबतीत कारखान्याचा नियम कडक होता. ज्या गाडीच्या मालातून पेट निघेल तिच्या नंबरची नोंद व्हायची. कारण पिशवी कुठल्या घरची हे कधीच कळत नसे, गाडी मात्र कळायची. तीन नोंदी झाल्या की चालवणाऱ्याच्या हातून गाडी जायची. नऊ नंबरच्या गाडीवर दोन नोंदी होत्या. एकदा भिंतीला भोक पाडायच्या यंत्राची बॅटरी निघाली होती, एकदा खेळण्यातल्या भुंकणाऱ्या कुत्र्याची. दोन्ही वेळा, ओतलेल्या मालाला पहिला पंजा लागताच उडालेली ठिणगी आचाऱ्यानंच पाहिली होती आणि दोन्ही नोंदी त्याच्याच अक्षरात होत्या. गाडी चालवणारी बाई चाळिशीची, अंगानं काटक. तिलाही कारखान्यात सगळे नऊ नंबरच म्हणत. अकरा वर्षं तिनं रस्ते झाडले होते आणि मग हट्टानं गाडी शिकली होती. आचाऱ्याच्या घरचा कचराही तीच न्यायची. सकाळी दारात गाडी थांबली की "काका, आज काय म्हणतोय तुमचा खड्डा?" एवढं विचारायची आणि पुढं जायची.

आचाऱ्याच्या बायकोला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तिची फुप्फुसं हळूहळू निकामी होत गेली होती. शेवटचं दीड वर्ष ती खिडकीजवळच्या पलंगावर पाठीला उशा लावून बसलेली असायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडावर वारा आला की दम लागल्याची घालमेल कमी होते, म्हणून लेकीनं तिला हातात धरायचा एक छोटा पंखा आणून दिला होता. जांभळ्या रंगाचा, तळहाताएवढा, चार्ज करून चालणारा. दिवसभर तो तिच्या नाकासमोर भिरभिरत असायचा. आचाऱ्यानं तिला सांगितलं होतं की खड्ड्याची घाण बाहेर येत नाही, कारण भट्टी आगीला लागणारी हवा खड्ड्यातूनच ओढून घेते. ती गोष्ट तिला फार आवडायची. "तुमच्या भट्टीची छाती बरी आहे हो," ती म्हणायची, "तिला म्हणावं, मला जरा उसनी द्या." कधी म्हणायची, "पंखा तुमच्या विजेवर चालतो. म्हणजे शेवटी सगळ्या शहराची घाण मीच हुंगते म्हणा की." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागायचं. आचारी हसायचा, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभा राहायचा.

ती गेली ती दवाखान्यात. सगळं दुसऱ्यांनी केलं. कुणी कागद भरले, कुणी गाडी सांगितली, कुणी तिला उचललं. आचारी बाजूला उभा होता. ज्यानं तीस वर्षं अख्खं शहर स्वतःच्या हातानं उचललं त्याला आपल्या माणसाला हात लावायची वेळ आली तेव्हा हात कुठं धरावा ते कळलं नाही. ही गोष्ट त्याच्या मनात सलत राहिली, आणि पुढचं सगळं ह्या सलातूनच झालं.

लेक चार दिवस येऊन राहिली. कपाट तिनं आवरलं, चांगले कपडे देऊन टाकले, औषधं परत केली. पलंगाजवळचं मात्र बाबांनी बघावं म्हणाली. तिथं काही देण्यासारखं नव्हतंच. चपटी झालेली उशी, नाकातल्या नळ्या, वाफेचा मास्क, सपाता, केस अडकलेला कंगवा. पंखा लेकीनं एका खोक्यात वेगळा ठेवला. "बॅटरी आहे बाबा त्यात. हा चौकातल्या पेटीत द्यायचा. तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा." असं म्हणून ती आपल्या घरी गेली.

चौकातली पेटी आचाऱ्याला चांगली माहीत होती. वर झाकण नसलेला क्रेट. त्यात जुने फोन, घड्याळं, खेळणी पडलेली. येणारा-जाणारा त्यात हात घालतो, एखादी वस्तू उचलतो, चालते का बघतो आणि परत टाकतो. कुणीतरी परका माणूस तो पंखा उचलेल आणि बटण दाबून बघेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि आचाऱ्याला ते सोसवेना. त्याऐवजी हे आपल्याच हातानं जावं, असं त्याला वाटलं. आपला पंजा, आपला खड्डा, आपली आग. आणि त्या आगीची वाफ होऊन कुठल्यातरी घरातला दिवा घटकाभर तिच्यावर लागेल. वेडेपणा होता. पण दुःखात माणूस जे मनात आणतो ते तपासून घ्यायला शेजारी कुणी नसतं.

बॅटरी काढायची म्हणून तो पेचकस घेऊन पलंगावर बसला. पंखा हातात धरला तसा अंगठा आपोआप बटणावर गेला, आणि पंखा सुरू झाला. दोन महिन्यांनीही त्यात चार्ज होता. तिनंच लावून ठेवलेला. वारा आचाऱ्याच्या तोंडावर आला. तो तसाच बराच वेळ बसून राहिला. मग त्यानं बटण बंद केलं आणि पेचकस खाली ठेवला. तो पंखा उघडून त्याच्यातून तिचा चार्ज बाहेर काढणं त्याच्यानं होणार नव्हतं. एवढीशी तर बॅटरी, तो स्वतःशी म्हणाला. एकानं काय होतंय.

सगळं त्यानं एका काळ्या पिशवीत भरलं. पिशवी ओळखू यावी म्हणून तोंडाला तिच्या गाऊनची निळी नाडी बांधली, दुहेरी गाठ मारून. सकाळी नऊ नंबर आली, पिशवी उचलून गाडीत टाकली आणि पुढं गेली. पाठोपाठ आचारी कामावर गेला.

दहाच्या सुमाराला नऊ नंबरनं तिसऱ्या दारातून माल ओतला. आचाऱ्यानं त्या दिवशी आपली शिस्त मोडली. तो ढीग त्यानं कालवला नाही. तिसऱ्या दाराखालच्या कोपऱ्यात तो तसाच राहू दिला, आणि आजूबाजूचं काम करता करता पंज्यानं अलगद वरवरचं उकरत निळा रंग शोधत राहिला. अकरा वाजून गेल्यावर नाडी दिसली. त्यानं पंजा इतका हळू उतरवला, की आपण आयुष्यात कधी इतका हळू उतरवला नसेल असं त्याला वाटलं. पण तो पंजा दोन-तीन टन एका घासात उचलणारा. त्याला एक पिशवी काय कळणार? नखं मिटली, पिशवी बाकीच्या मालासकट चिरडली गेली आणि वर आली. दोन नखांच्या फटीतून निळी नाडी लोंबत होती.

तेवढ्यात फोन वाजला. "आचारी, झोप लागली का? तोंड रिकामं पडलंय." आचाऱ्याची नजर क्षणभर फोनकडे वळली, हात दांड्यावर हलला, आणि फटीतून पिशवी निसटून खाली गेली. वरून अर्धा पंजा माल तिच्यावर कोसळला. त्यानं वीस मिनिटं शोधलं. खालून पुन्हा फोन आला, मग पुन्हा. शेवटी त्यानं कोपरा सोडला आणि दुसऱ्या ढिगातलं वाढायला घेतलं. डबा खाऊन आल्यावर शोधू, असं त्यानं ठरवलं.

डबा खाऊन तो आला तेव्हा तिसऱ्या दाराखालून धुराची बारीक रेघ वर येत होती. आधी पांढरी, मग पिवळट. ती कशाची हे आचाऱ्याला पहिल्या क्षणी कळलं. बाकी कुणाला कळलं नसेल, पण त्याला कळलं.

खड्ड्याला आग लागली की नुसतं पाणी पुरत नाही. वरून भिजतं आणि आत धुमसत राहतं. खरा उपाय एकच, जळतं ते उचलायचं आणि सरळ भट्टीत टाकायचं, जिथं जळणं हेच काम आहे. आचारी खुर्चीवर बसला. पाण्याचे फवारे सुरू झाले, धूर काचेला चिकटला आणि समोरचं दिसेनासं झालं. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसते लाल-पिवळे डाग होते. त्या डागांच्या अंदाजानं तो पंजा सोडत होता. चाळीस मिनिटं. खालून बॉयलरवाल्याचा आवाज येत होता, त्यात आता चेष्टा नव्हती. "वाढा. वाढत राहा." कुठल्या घासात पिशवी गेली ते आचाऱ्याला कळलं नाही. आपल्या हातानं, सावकाश, बघत बघत द्यायचं म्हणून जे त्यानं योजलं होतं ते धुरात, न दिसता, बाकी सगळ्याबरोबर गेलं.

माणसाला कुणाला इजा झाली नाही. छताचा एक कोपरा काळा पडला, क्रेनची एक दोरी गेली, आणि दोनपैकी एक भट्टी आठ दिवस बंद ठेवावी लागली. आचाऱ्याची सगळ्यांनी पाठ थोपटली. "आचारी होते म्हणून वाचलो," असं जो तो म्हणाला. बॉयलरवाला स्वतः वर आला आणि त्याच्या शेजारी बसून राहिला. थोपटणाऱ्या प्रत्येक हाताबरोबर आचाऱ्याला आपण जास्त जास्त खाली जातोय असं वाटत होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आग लागली होती म्हणे. तुम्ही बरे आहात ना?" आणि मग, "तो आईचा पंखा पेटीत दिलात ना तुम्ही?"

"दिला," आचारी म्हणाला. लेकीशी बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं असावं. खाई त्याला खवखवे म्हणतात. फोन ठेवल्यावर त्याला ताटातलं गिळेना.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातली चित्रं तपासली गेली. आग तिसऱ्या दाराखालच्या ढिगात लागली होती, आणि सकाळपासून त्या ढिगात एकाच गाडीचा माल होता. एरवी इतक्या उशिरा लागलेल्या आगीत असं कधीच दिसलं नसतं. आचाऱ्याच्या शिस्तीत सगळ्या गाड्यांचा माल घटकाभरात एक होऊन जायचा आणि बोट कुणाकडे दाखवायचं ते कळायचं नाही. त्या दिवशी मात्र नऊ नंबरचा ढीग एकटाच बाजूला पडला होता. तो बाजूला ठेवणारा कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तिसरी नोंद होणार हे सगळे धरून चालले.

क्रेनच्या खोलीला बासष्ट पायऱ्या होत्या आणि गाडीवाले कधी त्या चढत नसत. त्या दुपारी नऊ नंबर चढून आली. दारातच उभी राहिली, धाप लागलेली. त्या धापेचा आवाज आचाऱ्याच्या ओळखीचा होता. त्यानं दांडे सोडले.

"काका, तुम्ही इथं बसलेले असता. खरं सांगा, माझ्याच गाडीतून पडलं का ते?"

"तुझ्याच गाडीतून पडलं," आचारी म्हणाला. हे खरं होतं, आणि आपण ह्या खऱ्याच्या आड लपलोय हे त्याला माहीत होतं.

तिनं काचेतून खाली बघितलं. "मला पुन्हा झाडू देतील. झाडूची लाज नाही मला. अकरा वर्षं मारलाय. पण गाडी मी शिकले, काका. माझ्या घरात सायकल कुणाला येत नाही." मग तिनं मान वळवली. "पिशवी बांधलेली असते. मी आत कशी बघणार? दोन्ही वेळेला तुम्ही माझा नंबर लिहिलात. ज्याच्या घरातून आलं, त्याचं घर नाही लिहिलंत."

"घर कळत नाही ना बाई," आचारी म्हणाला.

"मला नाही कळत. टाकणाऱ्याला कळतं ना?"

एवढं म्हणून ती पायऱ्या उतरून गेली. आचाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तीस वर्षं तो उंचावरून बघत आला होता आणि खालच्या माणसाच्या चुका डोळ्यांत तेल घालून टिपत आला होता. त्या दोन बॅटऱ्या कुठल्या घरांतल्या होत्या, भुंकणारं कुत्रं कुणाचं होतं, ते खेळणारं लेकरू मोठं झालं होतं की आणखी काय झालं होतं, हे कधी त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार होता, आणि दिवा तो स्वतः होता.

त्यानं आधी लेकीला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ती रडली. रागानं रडली की दुःखानं, ते त्याला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. मग तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं उठून दार लावलं. "आचारी, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. तीस वर्षांत तुमच्या नावावर ठिपका नाही. निरोपाचा कार्यक्रम ठरलाय. तुमच्या घरचं दुःख आम्हाला माहीत नाही का? झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू द्या."

"मग काय लिहाल?"

"काय लिहायचं? बॅटरी कुठून आली, कळलं नाही."

"कळलं नाही म्हटलं की गाडीचा नंबर पडतो, साहेब. नियम तसा आहे."

बाईला दुसरीकडे कुठंतरी सामावून घेऊ, असं काहीसं साहेब पुटपुटला.

"साहेब, मी विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती," आचारी म्हणाला. "विसरलो नव्हतो. पेचकस हातात होता माझ्या. मी मुद्दाम टाकलं, आणि वर तिचा ढीग वेगळा ठेवला. म्हणून ती सापडली." त्यानं हात पुढं केला. "ती वही इकडे द्या. आधीच्या दोन्ही वेळा मीच लिहिलंय. तिसऱ्यांदाही मीच लिहितो."

त्यानं लिहिलं. नंबराच्या रकान्यात त्यानं आपल्या घराचा पत्ता घातला. खाली दोन ओळी आणखी लिहिल्या, की पिशवीत काय आहे हे गाडीवाल्याला दिसत नाही, सबब मागच्या दोन्ही नोंदींचा पुन्हा विचार व्हावा. सही करताना त्याचं अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं, ह्याचं त्याला थोडं आश्चर्य वाटलं.

क्रेन त्याच्याकडून काढून घेतली गेली. तेही नियमातच होतं. निवृत्तीपर्यंतचे दिवस त्याला राखेच्या आवारात दिले. भट्टीतून जे जळत नाही ते तिथं येतं. ओली करडी राख पट्ट्यावरून सरकते आणि लोहचुंबक तिच्यातलं लोखंड उचलतो. खिळे, स्प्रिंगा, कुलपं, बारीक स्क्रू. सुरुवातीचे दोन दिवस आचारी, ह्यातले पंख्याचे कुठले म्हणून, त्या स्क्रूंकडे बघत बसला. हजारो होते आणि सगळे एकसारखे. तिसऱ्या दिवशी त्यानं बघणं सोडलं. खड्ड्यात आलं की सगळे सारखे, हे त्याचंच म्हणणं होतं. बॉयलरवाला दुपारी डबा घेऊन आता इकडे यायचा. "वरचा नवा गडी नुसता ओततो हो," एकदा म्हणाला, "कालवत नाही. आग कशी रुसल्यासारखी जळते." आचाऱ्यानं त्याला नव्या माणसासाठी दोन युक्त्या सांगितल्या. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली देऊन तो चालत घरी गेला.

नऊ नंबरची गाडी तिच्याकडेच राहिली. मागच्या नोंदींचं काय झालं ते आचाऱ्याला कुणी कळवलं नाही. ती त्याचे आभार मानायला आली नाही, आणि आली असती तर त्याला तोंड लपवावं लागलं असतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी गाडी दारात थांबली तेव्हा आचारी पिशवी घेऊन उभा होता. पिशवी बांधलेली नव्हती. दोन्ही हातांनी तोंड फाकवून त्यानं ती तिच्यासमोर धरली. नऊ नंबरनं त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग खाली उतरली, हातमोजा चढवला आणि आत हात घालून तळापर्यंत बघितलं. "ठीक आहे," ती म्हणाली. तिनं पिशवी गाडीत टाकली. काका, आज काय म्हणतोय तुमचा खड्डा, हे तिनं विचारलं नाही.

मग ते रोजचंच झालं. शेजारी गॅलरीतून बघायचे. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, बायको गेल्यापासून असंच चाललंय. आचारी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एका माणसाच्या घरात कचरा तो काय निघणार? साबणाचं वेष्टन, गोळ्यांची पाकिटं, तुटका ब्रश, फाटका मोजा. नऊ नंबर रोज उतरायची, रोज तळापर्यंत बघायची.

असे पाच-सहा महिने गेले. एका सकाळी पाऊस लागला होता. तिनं गाडीतूनच हात पुढं केला. "द्या काका. पुरे झालं आता बघणं. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

आचारी पिशवीचं तोंड फाकवून पावसात तसाच उभा राहिला.

"माझा नाही," तो म्हणाला.

नऊ नंबरनं इंजिन बंद केलं, खाली उतरली, हातमोजा चढवला आणि पिशवीत तळापर्यंत हात घातला.